ब्राँझ कोणाच्या वाट्याला? : दायमाबादचा गाडीवान आणि आपले गुराखी

दायमाबादच्या ब्राँझवस्तूंविषयी मराठीत जे लेखन माझ्या वाचनात आले आहे, त्यातले बहुतेक पुरातत्त्वाच्या अंगाने केलेले आहे. या वस्तू कोणत्या थरातल्या, कोणत्या संस्कृतीच्या, सिंधू खोऱ्याशी त्यांचे नाते काय, त्यांचा उपयोग पूजेसाठी होता की मिरवणुकीसाठी, हे प्रश्न त्यात आहेत. हे सगळे प्रश्न आवश्यक आहेत, त्यांची उपेक्षा करण्याचा माझा हेतू नाही. पण त्या वस्तू शिल्पे आहेत, कुणीतरी डोळे उघडे ठेवून जनावर पाहिले आणि मग ते मेणात वा मातीत घडवले, ही गोष्ट या चर्चेत मागे पडते. महाराष्ट्राच्या शिल्पकलेविषयी बोलताना आपण वेरूळ-अजिंठ्यापासून सुरुवात करतो किंवा थेट म्हात्र्यांच्या ‘मंदिरपथगामिनी’वर येतो. प्रवरेकाठच्या त्या अनामिक ओतकाऱ्याला समीक्षेच्या पंक्तीत पान मांडलेले दिसत नाही. या लेखात तेवढेच करण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी एकच प्रश्न मी हाती धरला आहे: कोणत्या समाजाने आपले ब्राँझ कोणासाठी खर्च केले, आणि गुरे राखणाऱ्या माणसाच्या वाट्याला त्यातले किती आले?

छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगरकडे निघाले की कायगाव टोक्याजवळ गोदावरीचा पूल लागतो. प्रवरा गोदावरीला मिळते ती इथेच. याच प्रवरेच्या काठाने वर गेले की श्रीरामपूर तालुक्यात, नदीच्या डाव्या तीरावर दायमाबादचे पांढरीचे टेकाड आहे. गाव ओसाड आहे. १९५८ मध्ये बी. पी. बोपर्डीकर यांनी हे स्थळ शोधले. त्यानंतर म. ना. देशपांडे, एस. आर. राव आणि शां. अ. साळी यांच्या नेतृत्वाखाली १९५८ ते १९७९ या काळात तेथे तीनदा उत्खनने झाली. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच संस्कृतींचे थर तेथे एकावर एक सापडले. पण ज्या चार वस्तूंमुळे दायमाबादचे नाव जगभर गेले, त्या उत्खननाच्या चरात सापडलेल्या नाहीत. १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाच्या बुंध्याशी खणताना त्या मिळाल्या. एक बैलजोडीची गाडी, एक म्हैस, एक हत्ती आणि एक गेंडा. चौघांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक.

मापाची साक्ष

शिल्पाची समीक्षा मापापासून सुरू करावी असे मला वाटते, कारण मापात शिल्पकाराचे मन उघडे पडते. गाडीची लांबी ४५ सेंटिमीटर, रुंदी १६ सेंटिमीटर आणि तिच्यावर उभ्या असलेल्या माणसाची उंची १६ सेंटिमीटर. हा माणूस प्रत्यक्षात एकशे साठ सेंटिमीटरचा धरला, तर शिल्प एक-दशांश मापाचे होते. मग बैलांसकट गाडी होते साडेचार मीटर लांब आणि एक मीटर साठ सेंटिमीटर रुंद. बैल जुंपलेली गाडी ज्याने रस्त्यावर पाहिली आहे त्याला हे माप ओळखीचे वाटेल. म्हणजे गाडी, गाडीवान आणि बैल यांचे परस्पर प्रमाण शिल्पकाराने सांभाळले आहे. माणूस मोठा आणि जनावर खेळण्यातले, असे त्याने केले नाही. राजाची किंवा देवाची मूर्ती घडवणारा हात सहसा उलटे करतो. तो स्वाराला वाढवतो आणि वाहनाला आक्रसून घेतो. आपल्याकडच्या देवमूर्तींच्या पायाशी बसलेले नंदी, उंदीर, मोर आठवून पाहा. वाहन तेथे ओळख पटवण्यापुरते असते. दायमाबादच्या गाडीत बैल ओळखीपुरते नाहीत, ते कामावर आहेत.

आता उरलेल्या तिघांकडे पाहू. म्हैस ३१ सेंटिमीटर उंच आणि २५ सेंटिमीटर लांब. चार पायांच्या एका पाटावर ती उभी आहे आणि पाटाला चार भरीव चाके आहेत. हत्तीची उंची २५ सेंटिमीटर. त्याचाही पाट तसाच आहे, मात्र त्याचे आस आणि चाके हरवली आहेत. गेंडा १९ सेंटिमीटर उंच, २५ सेंटिमीटर लांब, दोन आडव्या दांड्यांवर उभा, आणि प्रत्येक दांडीला दोन चाकांचा आस. हत्तीची हरवलेली चाके हिशेबात धरली तरी तो म्हशीच्या बरोबरीच्या आसपासच येतो. याचा अर्थ असा, की जो शिल्पकार गाडीच्या बाबतीत मापाला इतका पक्का आहे, त्याने म्हशीला मात्र हत्तीच्या तोलाचे केले. हे अज्ञानातून घडले असेल असे मला वाटत नाही. म्हैस हे काही दुरून पाहिलेले जनावर नव्हे. प्रवरेसारख्या नदीच्या डोहात दिवसभर डुंबणारे ते जनावर, त्याची उंची न कळायला काय झाले? म्हैस हत्तीएवढी झाली ती तिचे मोल तेवढे होते म्हणून, अशी माझी समजूत आहे.

दुसरी गोष्ट चाकांची. चारही शिल्पांना चाके आहेत वा होती, पण चाकांचा अर्थ सगळीकडे सारखा नाही. बैल ओढतात. म्हैस, हत्ती आणि गेंडा पाटावर उभे राहून ओढले जातात. ओढणारे आणि ओढले जाणारे अशी ही सरळ वाटणी आहे. ज्यांना पूजेत वा मिरवणुकीत मान द्यायचा ते पाटावर चढले, आणि ज्यांच्या बळावर रोजचा दिवस पुढे सरकतो ते जुवाखाली राहिले. तरीही धातू दोघांनाही मिळाला. जुवाखालच्या जनावराला आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला त्याच भट्टीतले, त्याच प्रतीचे ब्राँझ मिळाले. या चार वस्तूंतली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे असे मी मानतो.

तिसरी गोष्ट कुत्र्याची. गाडीच्या लांब दांड्यावर एक कुत्रा उभा आहे. पुरातत्त्वाच्या वर्णनात त्याला अर्धे वाक्य मिळते. पण जनावरांबरोबर हिंडणाऱ्या माणसाचे घर ओळखायचे असेल तर कुत्र्यासारखी खूण नाही. राजाच्या रथावर ध्वज असतो, इथे कुत्रा आहे. मोहेंजोदडोच्या प्रसिद्ध ‘पशुपती’ मुद्रेशी या वस्तूंचे नाते अभ्यासकांनी जोडले आहे. त्या मुद्रेवर बसलेल्या आकृतीभोवती हत्ती, वाघ, गेंडा आणि म्हैस आहेत. दायमाबादच्या चौकडीत यांतले तिघे आहेत, वाघ तेवढा नाही. हा संच मुळात याहून मोठा असण्याची शक्यता मोकळी ठेवूनही मला हा बदल बोलका वाटतो. वाघ गेला आणि कळपाची राखण करणारा कुत्रा आला. प्राण्यांचा स्वामी गेला आणि दोन बैलांचा गाडीवान आला. मुद्रेतला पुरुष आसन घालून बसला आहे, गाडीवान उभा आहे, कारण त्याला समोरची वाट पाहायची आहे.

काळाचा वाद आणि त्याची मर्यादा

या वाचनावर एक आक्षेप निघेल आणि तो रास्त आहे. या वस्तू थरात सापडलेल्या नसल्याने त्यांच्या काळाबद्दल एकमत नाही. देशपांडे, राव आणि साळी यांनी परिस्थितिजन्य पुराव्यावरून त्या उत्तर हडप्पा काळाच्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या ठरवल्या. डी. पी. अग्रवाल यांनी मात्र धातूच्या पृथक्करणावर बोट ठेवले. या ब्राँझमध्ये आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे, आणि ताम्रपाषाणयुगातल्या इतर वस्तूंत आर्सेनिकचे असे मिश्रण आढळत नाही. त्यामुळे या वस्तू ऐतिहासिक काळातल्या असाव्यात, असे त्यांचे म्हणणे.

हा वाद माझ्या मांडणीला कुठे धक्का देतो आणि कुठे देत नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. वस्तू जुन्या धरल्या तर साठ किलो धातूचा अर्थ फार मोठा होतो. ताम्रपाषाणयुगातला शेतकरी रोजच्या कामाला दगडाची पातीच वापरत असे. तांबे दूरवरून यायचे आणि ते मोजून वापरायचे. अशा समाजाने साठ किलो धातू जनावरांच्या आकृतींत ओतला असेल, तर तो अख्ख्या वस्तीचा निर्णय होता. वस्तू ऐतिहासिक काळातल्या ठरल्या तर हा मुद्दा सैल पडतो, कारण तेव्हा धातू मुबलक झालेला होता. पण मापाचा, चाकांचा आणि कुत्र्याचा मुद्दा जागचा हलत नाही. शिल्पकाराची नजर काळाच्या तक्त्यात कुठेही बसवली तरी तीच राहते. उलट, सातवाहनांच्या आगेमागे, जेव्हा देवांच्या आणि राजांच्या प्रतिमा घडू लागल्या होत्या, तेव्हा कुणी गाडीवानाला ब्राँझ देत असेल तर ते अधिकच नवलाचे ठरेल.

गुराख्याचा देव झाला

दायमाबादनंतर महाराष्ट्राच्या धातुकामात गुराखी दिसतो का? दिसतो, पण देव होऊन. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ च्या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधले. त्याआधी खंडोबावर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांचा धनगरांच्या वाड्यांवरून, त्यांच्या ओव्यांवरून मागोवा घेतला. या दोघांच्या कामानंतर एक गोष्ट नाकारता येत नाही. आपल्या देवघराचा मोठा भाग कळपामागे चालत आलेल्या माणसांनी घडवला आहे. म्हाळसा घरात असताना खंडोबा बाणाईसाठी धनगराच्या वाड्यावर चाकरीला राहतो आणि मेंढरे राखतो, ही कथा वाघ्या-मुरळी आजही जागरणात गातात. देवाने गुराख्याची नोकरी पत्करली, असे सांगणारा हा समाज आहे.

पण धातूत काय उरले? घराघरांतला खंडोबाचा टाक पाहा. पितळेच्या, तांब्याच्या वा चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली आकृती, हातात खड्ग, घोड्यावर पुढे म्हाळसा, पायाशी कुत्रा. घोडा आहे, कुत्रा आहे, मेंढरू मात्र सहसा नसते. चाकरीच्या बारा वर्षांची कथा ओवीत राहिली आणि टाकावर राजा चढला. आपल्या शहराच्या कुशीतल्या साताऱ्याच्या खंडोबाला चंपाषष्ठीला जी गर्दी होते, तिच्यातल्या कितीतरी घरांची मागची पिढी मेंढरांमागे चाललेली आहे. पण त्यांच्या टाकावर त्यांचे रोजचे काम कोरलेले नसते. हा दोष टाक घडवणाऱ्याचा नाही. टाक हलका असतो तो गरिबाला परवडावा म्हणून. मुठीत मावणारा, वाड्याबरोबर घोड्यावर लादून नेता येणारा देव हवा होता, आणि कारागिराने तो नेमका दिला. भटक्या माणसासाठी धातूची काटकसर ही अडचण नव्हती, ती गरज होती. साठ किलोंचे ब्राँझ गाव धरून बसलेल्यांनाच शक्य असते.

दायमाबादच्या कुत्र्यापासून खंडोबाच्या कुत्र्यापर्यंत, किंवा चाकांवरच्या म्हशीपासून नागपूरकडच्या तान्ह्या पोळ्यात पोरे ओढतात त्या चाकांवरच्या लाकडी बैलापर्यंत, अखंड परंपरेची एक रेघ ओढण्याचा मोह इथे होतो. मी तो टाळतो. मधल्या कित्येक शतकांचा पुरावा हाती नसताना साम्याला वारसा म्हणणे हे संशोधन नव्हे. एवढेच म्हणता येईल, की जनावराच्या आधाराने जगणाऱ्या माणसांना वेगवेगळ्या काळात सारख्याच गोष्टी सुचल्या. जनावराला कधीतरी जुवाखालून काढावे, पाटावर उभे करावे आणि आपण त्याला ओढावे, ही त्यांतली एक. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावणाऱ्या हाताला हे समजावून सांगावे लागत नाही.

दगडात मात्र गुरे मुबलक आहेत. वेरूळला गोवर्धन उचलणाऱ्या कृष्णाच्या शिल्पपटांत गायी आणि गोपाळ आसऱ्याला आले आहेत, आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातली बैलांची झुंज रंगवणाऱ्याने नक्कीच खरी झुंज जवळून पाहिली होती. शब्दांतही ती आहेत. पैठणच्या एकनाथांच्या गवळणी याच जिल्ह्यातल्या. दगड डोंगराचा, शब्द सगळ्यांचा. ब्राँझचे तसे नाही. तांबे विकत घ्यावे लागते, कथील त्याहून महाग, मग मेण, माती, लाकूड आणि कसबी कारागिराची मजुरी. मराठवाड्याला लागून असलेल्या कल्याणीहून राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मेणाची प्रतिमा करून, तिच्यावर मातीचे लेप देऊन, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतण्याची रीत सांगितली आहे, आणि मेणाच्या वजनावरून धातूचे वजन काढण्याचे प्रमाणही दिले आहे. म्हणजे ओतण्याआधी वजनकाटा येतो. ब्राँझ ही हिशेबाची कला आहे. म्हणूनच ते कोणाला मिळाले हे पाहिले की समाजाचा हिशेब कळतो.

अमेरिकेचा काउबॉय

हा हिशेब दुसऱ्या एका देशाने वेगळ्या तऱ्हेने मांडला. त्याच्याशी ताडून पाहिल्यावर आपली बाजू अधिक स्पष्ट होते. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गुरे हाकणाऱ्या पगारी गड्याला, काउबॉयला, ब्राँझमध्ये आणले गेले. फ्रेडरिक रेमिंग्टन (१८६१–१९०९) हा मुळात नियतकालिकांसाठी चित्रे काढणारा. १८९५ मध्ये त्याने ‘ब्रॉन्को बस्टर’ हे पहिले शिल्प केले. मागच्या पायांवर उभा राहिलेला बुजरा घोडा, एका हातात चाबूक आणि दुसऱ्या मुठीत लगाम व आयाळ धरलेला स्वार, आणि पायातून निसटून लोंबणारी एक रिकीब. पुढे न्यूयॉर्कच्या रोमन ब्राँझ वर्क्सकडे वळल्यावर त्याला मेणाच्या ओतकामाची सवय झाली. ओतण्याआधी मेणावर स्वतःच्या हाताने फेरफार करता येतात, हे त्याला फार मानवले. १९०२ च्या ‘कमिंग थ्रू द राय’मध्ये चार घोडेस्वार उधळत येतात आणि त्यांतला एक घोडा तर शेजाऱ्याच्या आधाराने पूर्ण अधांतरी आहे. जड धातूला जमिनीवरून उचलण्याचे हे कसब थक्क करणारे आहे. त्याचा समकालीन चार्ल्स रसेल (१८६४–१९२६) हा तर सोळाव्या वर्षी माँटानात गेला आणि पुढे वर्षानुवर्षे त्याने रात्रीची गुरे राखली. तो गुराख्यातूनच शिल्पकार झाला.

या शिल्पांपुढे दायमाबादची गाडी ठेवली की पहिला फरक दिसतो तो जमिनीचा. रेमिंग्टनचे जनावर जमीन सोडते, दायमाबादचे जनावर जमीन धरते. रेमिंग्टनला माणूस आणि जनावर यांच्यातली झटापट हवी आहे, कोण जिंकणार हा क्षण हवा आहे. दायमाबादमध्ये झटापट संपलेली आहे. बैल वठणीवर आले, जुवाला सरावले, आता चालायचे आहे. एकात पराक्रम आहे, दुसऱ्यात सोबत. शिल्प म्हणून दुसरे अधिक अवघड, असे माझे मत आहे. उधळलेला घोडा पाहणाऱ्याचे लक्ष आपोआप ओढतो. संथ चालणाऱ्या जोडीकडे लक्ष वेधायचे तर प्रमाण आणि तोल यांवरच भिस्त ठेवावी लागते.

दुसरा फरक वेळेचा. रेमिंग्टनने मेण हातात घेतले तेव्हा तो धंदा मोडत आला होता. १८७४ मध्ये काटेरी तारेचे पेटंट निघाले आणि मोकळ्या माळांना कुंपणे पडत गेली. १८८६-८७ च्या हिवाळ्यात गुरे कळपांनी गोठून मेली आणि अनेक मोठे गुरेवाले बुडाले. १८९० च्या जनगणनेने तर सरहद्द नावाची गोष्टच संपल्याचे नोंदवले. म्हणजे गड्याची नोकरी गेल्यावर त्याला पुतळा मिळाला. तोही निवडून. या धंद्याची जीन, दोर आणि रीत मेक्सिकन वाकेरोंकडून आलेली, आणि हाकणाऱ्यांत कृष्णवर्णी माणसेही पुष्कळ होती. पण ब्राँझमध्ये जो चेहरा लोकप्रिय झाला तो बहुतेक गोऱ्या स्वाराचाच. ‘ब्रॉन्को बस्टर’ची प्रत पुढे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात जाऊन बसली. महिन्याच्या पगारावर राबणारा माणूस राष्ट्राचे प्रतीक झाला, आणि प्रतीक होताना त्याची मजुरी, त्याची भूक, त्याची जात गळून पडली. आपण त्याचा देव केला, त्यांनी त्याचा नायक केला. दोन्हीकडे गुराखी तेवढा निसटला.

तरीही अमेरिकेकडून घेण्याजोगे एक आहे. त्या शिल्पांनी ‘काउबॉय’ या शब्दाला मान दिला. आपल्याकडे त्याचा सरळ प्रतिशब्द ‘गुराखी’. आणि तो कसा वापरतो आपण? शाळा सुटलेल्या पोराला उद्देशून, ‘शिकला नाहीस तर गुरे राखशील’ असा. गवळणीत गोपाळाला डोक्यावर घ्यायचे आणि वर्गात गुराखी ही धमकी करायची, हा आपल्या भाषेतला जुना दुटप्पीपणा आहे.

आपले घोडे, आपले बैल

आधुनिक महाराष्ट्रात ब्राँझ ओतले गेले ते प्रामुख्याने अश्वारूढ पुतळ्यांसाठी. वि. पां. करमरकरांचा पुण्यातला १९२८ चा शिवाजी महाराजांचा पुतळा आणि सदाशिव साठे यांचा गेटवे ऑफ इंडियासमोरचा १९६१ चा पुतळा हे या परंपरेचे दोन मोठे टप्पे. आमच्या क्रांती चौकात २०२२ मध्ये नव्याने उभारलेला पुतळा त्याच वाटेवरचा. महाराजांना ब्राँझ मिळावे यात कुणाचे दुमत असणार नाही. प्रश्न त्यांच्यानंतर रांगेत कोण उभे आहे हा आहे.

करमरकरांचेच उदाहरण बोलके आहे. अलिबागजवळ सासवण्याला त्यांच्या घरात त्यांचे संग्रहालय आहे. तेथे जाणारे लोक आजही म्हशीपाशी थबकतात. कोळीण, शेळी, कुत्रा, म्हैस असे आपल्या अंगणातले जग करमरकरांनी कुणाच्या मागणीवाचून घडवले, आणि सिमेंटसारखे स्वस्त माध्यम त्यासाठी आपलेसे केले. महाराजांच्या घोड्यामागे वर्गणी होती, समिती होती, संस्थानिक होते. म्हशीमागे फक्त शिल्पकाराचे डोळे होते. दायमाबादच्या ओतकाऱ्याशी नाते सांगावे असा विसाव्या शतकातला मराठी शिल्पकार मला विचाराल तर तो सासवण्याचे करमरकर. फरक इतकाच, की त्या ओतकाऱ्याच्या म्हशीमागे गाव उभे होते.

बैलालाही मुंबईत ब्राँझ मिळाले आहे. शेअर बाजाराच्या इमारतीपाशी २००८ पासून उभा असलेला बैल सोलापूरच्या भगवान रामपुरे यांनी घडवला. मुसंडी मारणाऱ्या त्या अंगातली ताकद पाहणाऱ्याला जाणवते. सिद्धेश्वराच्या यात्रेत खिलारांचा बाजार पाहत वाढणाऱ्या शहराच्या शिल्पकाराला बैलाचे शरीर शिकवावे लागत नाही. पण त्या बैलाचा अर्थ न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवरून आला आहे. तो तेजीचा बैल आहे. त्याच्या खांद्यावर जू नाही आणि मागे गाडीवान नाही. मराठी हाताने, मराठी डोळ्याने घडलेला बैल ज्या कामासाठी उभा राहिला ते काम बैलाचे नाही. शिल्पकाराने आपले काम चोख केले. पैसा कोणत्या बैलाला मिळतो, हे मात्र त्या पदपथावर लख्ख दिसते.

आता बघण्याची पाळी

हे सगळे लिहिण्याचे कारण केवळ कलेतिहासाची रिकामी जागा भरणे हे नाही. मराठवाड्याच्या देवणी आणि लाल कंधारी या आपल्या जाती. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, लोंबत्या कानांची देवणी आणि तांबूस अंगाची कंधारी. रंग, वशिंड, कपाळ, चाल यांवरून बैल ओळखण्याची एक बारीक भाषा या भागात होती. दर गुरुवारी छावणीच्या बाजारात गेलात तर दातांवर बोट फिरवून वय सांगणारी, चार पावले चालवून खोड ओळखणारी माणसे अजून भेटतात. ही शिल्पकाराचीच नजर आहे. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये दुष्काळी चारा छावण्यांत दावणीला बांधलेली हजारो जनावरे आणि त्यांच्याशेजारी महिनोनमहिने राहिलेली माणसे आपण पाहिली. ट्रॅक्टर दारात आला, दावण रिकामी झाली, आणि त्या दावणीबरोबर ती नजरही जाते आहे. बैल गेला तर नांगर दुसऱ्या कशाने चालेल. पण बैल ओळखणारा डोळा गेला तर दायमाबादची गाडी संग्रहालयाच्या काचेत असूनही आपल्याला दिसणार नाही. आपण फक्त तिचा काळ आणि वजन वाचून पुढे जाऊ.

चौकात गुराख्याचा पुतळा उभारा, अशी मागणी मी करणार नाही. पुतळा झाला की हार येतात आणि माणूस पुन्हा देव होतो. मागणी छोटी आहे आणि ती आपल्याच मंडळींकडे आहे. कलाशाळांतल्या विद्यार्थ्यांना प्राण्यांच्या अभ्यासासाठी ग्रीक घोड्याच्या प्लास्टरच्या प्रती दाखवतो, तेव्हा दायमाबादची बैलजोडीही मोजायला द्यावी. संग्रहालयाने पाटीवर काळ आणि धातूबरोबर ‘एक-दशांश’ हेही लिहावे. आणि महाराष्ट्राच्या शिल्पकलेचा इतिहास लिहिणाऱ्याने पहिले पान प्रवरेकाठी उघडावे. तिथे एका शिल्पकाराने माणसाला बैलांच्या पुढे नाही, वर नाही, मागे उभे केले आहे. जनावर पुढे चालते आणि माणूस त्याच्या पाठीकडे बघत जातो. गुरे राखणाऱ्याला जग असेच दिसते, आणि हे त्या शिल्पकाराला ठाऊक होते.